दोन काठांचा दूत
(जामसांवली येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जामसांवलीस येणारा माणूस बहुधा श्रीहनुमंताच्या दर्शनासाठी येतो. पिंपळाखाली पहुडलेल्या त्या मूर्तीसमोर मीही प्रथम नतमस्तक झालो आणि मगच आपल्यापुढे बोलण्यास उभा राहिलो. परंतु आज मी जो विषय मांडणार आहे तो देवळातला नाही, रसायनशाळेतला आहे. त्याचे नाव प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरण. नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये, एवढी माझी सुरुवातीलाच विनंती आहे. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. शाळा सुटली तेव्हाच रसायनशास्त्राची आणि माझी सोबत सुटली. म्हणून जे मला समजले ते आपणा सर्वांस समजेल, याविषयी मी निर्धास्त आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका शेतकऱ्याच्या प्रश्नामुळे. सौंसर तालुक्यातील एका गावी कपाशीवरील फवारणीसंबंधी माहितीपत्रके वाटत असता एक वयस्क गृहस्थ पुढे आले. त्यांच्या हातात औषधाची बाटली आणि पुढ्यात पाण्याची बादली होती. त्यांनी बाटलीतील पिवळसर तेलकट औषध पाण्यात ओतले. पाणी क्षणात दुधासारखे पांढरे झाले. ते म्हणाले, “साहेब, हे औषध तेलाचं हाये ना? मंग पान्यात कसं मिसयते? अन् तेलात न् पान्यात जमतच नाही, तं हे बनवलं कसं असंन?”

मी गप्प राहिलो. माहितीपत्रकात मात्रा होती, तारखा होत्या, दूरध्वनी क्रमांक होते. या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढे एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे मी चार संध्याकाळी जाऊन बसलो. त्या चार संध्याकाळींत जे पदरी पडले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. त्या गृहस्थांनी एका दमात दोन प्रश्न विचारले होते. दोहोंची उत्तरे वेगवेगळी आहेत.

तेल आणि पाणी

हा संत्र्यांचा मुलूख आहे. संत्र्याची साल दिव्याजवळ दाबली की बारीक ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. त्या ठिणग्या म्हणजे सालीतील सुगंधी तेलाचे पेटलेले तुषार. हेच तेल पाण्यात सोडले तर वर तरंगते. कितीही घुसळा, थोड्याच वेळात पाणी खाली आणि तेल वर, असे दोन थर पुन्हा उभे राहतात. अशा वेगवेगळ्या राहणाऱ्या थरांना रसायनशास्त्रात प्रावस्था म्हणतात.

पाण्याला मीठ प्रिय आहे, तेलाला नाही. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे दोन प्रकारचे विद्युत्‌भारित कण होतात. त्यांना आयन म्हणतात. पाण्याचे रेणू या आयनांभोवती गराडा घालतात आणि त्यांना आपल्यात सामावून घेतात. तेलाला हे साधत नाही. म्हणून मीठ, सोडा, सायनाइडे यांसारखी लवणे पाण्याच्या घरची, तर औषधे, कीटकनाशके, रंग आणि अत्तरे ज्यांपासून तयार होतात ती बहुतेक कार्बनी संयुगे तेलाच्या घरची, असा निसर्गाचा सर्वसाधारण नियम आहे.

आता अडचण लक्षात येईल. रासायनिक विक्रिया व्हावयाची तर दोन पदार्थांचे रेणू एकमेकांस भेटले पाहिजेत. वर पाण्यात आणि वधू तेलात असेल तर लग्न लागावे कसे? दोन थरांच्या सीमेवर जी काय थोडी भेट होते तेवढ्यावर काम भागत नाही.

पूर्वी यावर दोन उपाय होते. एक म्हणजे दोघांनाही विरघळवील असा तिसरा द्रव वापरावयाचा. असे द्रव महाग असतात, नंतर वेगळे काढणे कष्टाचे असते, आणि पुष्कळदा ते पूर्णपणे निर्जल असावे लागतात. दुसरा उपाय म्हणजे सोडियम हायड्राइडासारखी अतितीव्र रसायने वापरावयाची. पण त्यांना पाण्याचा स्पर्श झाला तरी भडका उडतो. प्रयोगशाळेत चमचाभर माल करावयाचा असेल तर हे चालते. कारखान्यात टनांच्या हिशेबाने करावयाचे असेल तर खर्च आणि धोका, दोन्ही वाढतात.

मुद्रिका आणि चूडामणी

तिसरा उपाय १९६०-७० च्या सुमारास पुढे आला. पोलंडमधील वॉर्सा येथे मियेचिस्वाव माकोशा आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ पासून तेल आणि तीव्र कॉस्टिक सोडा यांच्या दोन थरांत विक्रिया घडवून आणणारे प्रयोग प्रसिद्ध केले. स्वीडनमध्ये आर्ने ब्रँडस्ट्रॉम याच दिशेने काम करीत होते. अमेरिकेतील एका तेल कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स स्टार्क्स यांनी १९७१ मध्ये या घटनेचा उलगडा करून तिला आज रूढ असलेले नाव दिले.

स्टार्क्स यांचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. एका भांड्यात १-क्लोरोऑक्टेन नावाचे तेलकट संयुग आणि सोडियम सायनाइडाचे पाणी घेतले. नुसते उकळत ठेवले तर दिवसच्या दिवस जातात आणि विक्रिया म्हणून होत नाही. मग त्यात एक विशिष्ट लवण टाकले. रेणूंच्या हिशेबाने शंभरास एक-दीड, इतकेच. तापमान शंभर अंशांच्या किंचित वर. दोन तासांच्या आत विक्रिया जवळजवळ पूर्ण झाली.

हे लवण करते काय? ते समजण्यासाठी आपणास फार लांब जावयास नको. ज्या गावी आपण बसलो आहोत त्या गावच्या दैवताचीच कथा आठवावी. सीता लंकेत आणि श्रीराम अलीकडच्या तीरावर, मध्ये सागर. मारुतिराय रामाची मुद्रिका घेऊन पलीकडे गेले, ती सीतामाईच्या हाती दिली आणि येताना तिचा चूडामणी घेऊन परत आले. जाताना एक वस्तू, येताना दुसरी. आणि दूत होता तसाच परतला. दुसऱ्या फेरीस सिद्ध.

आपले लवण नेमके हेच करते. त्यातील एका आयनाची रचना मोठी मौजेची असते. मध्यभागी धन विद्युत्‌भार असलेला नायट्रोजनाचा किंवा फॉस्फरसाचा अणू आणि भोवती कार्बनाच्या चार साखळ्या. विद्युत्‌भारामुळे पाण्यातील ऋण आयनाशी त्याचे सख्य जमते, तर अंगावरील साखळ्यांमुळे तेलात त्याला परकेपणा वाटत नाही. दोन्ही घरांत त्याचा राबता. ते पाण्यातील सायनाइड आयनाला बरोबर घेते आणि तेलाच्या थरात शिरते. तेथे सायनाइड आयन तेलकट संयुगाशी जोडला जातो आणि त्या संयुगातील क्लोराइड आयन मोकळा होतो. क्लोराइडाला घेऊन आपला दूत पाण्यात परत येतो, त्याला तेथे सोडतो आणि नवा सायनाइड उचलतो. मारुतिरायांची फेरी एकदाच झाली. या दूताच्या फेऱ्या विक्रिया संपेपर्यंत अखंड चालू असतात. विक्रियेस हातभार लावून स्वतः खर्ची न पडणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात, आणि एका प्रावस्थेतून दुसरीत नेण्याचे काम करतो म्हणून हा प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरक.

यात आणखी एक लाभ आहे. पाण्यात असताना सायनाइड आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा असतो. थंडीत घोंगडी गुंडाळून बसलेल्या माणसाप्रमाणे तो सुस्त असतो. तेलात नेताना ती घोंगडी बव्हंशी काठावरच राहते. उघडा झालेला आयन तेथे पुष्कळच चपळाईने विक्रिया करतो. म्हणजे दूत केवळ भेट घडवीत नाही. भेटणाऱ्याला तो कामासही सज्ज करतो.

अशा लवणांखेरीज मुकुटाच्या आकाराची काही वर्तुळाकार संयुगेही हे काम करतात. चार्ल्स पेडरसन यांनी ती १९६७ मध्ये जगापुढे आणली आणि त्या दिशेच्या कार्यासाठी १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना डोनाल्ड क्रॅम व झाँ-मारी लेन यांच्यासमवेत मिळाले. पण ती महाग. कारखान्यात खपतात ती मुख्यतः नायट्रोजनाची, म्हणजे चतुर्थक अमोनियम लवणे.

कपाशीवरील औषध

आता त्या शेतकरी बंधूंचा दुसरा प्रश्न : हे औषध बनवतात कसे?

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांचे सहकारी शेवंतीच्या कुळातील एका फुलाच्या कीटकनाशक गुणाचा अभ्यास करीत होते. फुलातील मूळ द्रव्य उन्हात लवकर निकामी होते. त्याच धर्तीवर, पण उन्हात टिकणारी संयुगे त्यांनी १९७० नंतरच्या दशकात तयार केली. त्यांतील एक सायपरमेथ्रिन. जपानमध्ये याच सुमारास फेनव्हॅलरेट तयार झाले. ही दोन्ही नावे आपल्याकडील कापूस उत्पादकांच्या परिचयाची आहेत.

सायपरमेथ्रिन तयार करण्याच्या एका प्रचलित रीतीत नेमके आपले दोन थर असतात. पाण्याच्या थरात सोडियम सायनाइड. हेक्झेन किंवा हेप्टेन यांसारख्या तेलकट द्रवात दोन कार्बनी संयुगे; एक अॅल्डिहाइड आणि एक अॅसिड क्लोराइड. अॅसिड क्लोराइडाला पाण्याचा सहवास सोसत नाही. पाणी त्याचा नाश करते. तेलाच्या थरात ते बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. चतुर्थक अमोनियम लवण सायनाइड आयनाला तेलात आणून सोडते, तेथे तिघांचा संयोग होतो, औषध तयार होते आणि बाहेर पडलेला क्लोराइड आयन पाण्यात येऊन सोडियमाच्या सोबतीला राहतो. सोडियम आणि क्लोराइड म्हणजे आपले स्वयंपाकघरातील मीठच!

तयार औषधात मोकळे सायनाइड असते, असा मात्र यावरून कोणी समज करून घेऊ नये. तेथे ते मोठ्या रेणूचा बांधलेला भाग झालेले असते. औषध विषारी आहे ते त्याच्या स्वतःच्या गुणाने.

याच पद्धतीचा उपयोग आज औषधे, सुगंधी द्रव्ये आणि रंग यांच्या निर्मितीतही होतो. महागड्या निर्जल द्रवांऐवजी पाणी, भडकणाऱ्या रसायनांऐवजी कॉस्टिक सोडा, फार उष्णतेऐवजी बेताचे तापमान, असा हा बदल आहे. शेतकऱ्याच्या हाती येणारी बाटली परवडण्याजोगी होण्यास या मूठभर लवणाचा मोठा हातभार लागला आहे.

आणि पहिला प्रश्न : पाणी दुधासारखे का होते? ते काम या दूताचे नव्हे. बाटलीत औषधाबरोबर साबणाच्या जातीचे द्रव्य घातलेले असते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. तो तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून त्यांच्याभोवती कडे करतो आणि थेंब एकमेकांत मिसळू देत नाही. त्या असंख्य थेंबांवरून प्रकाश विखुरतो म्हणून पाणी पांढरे दिसते. दुधाचेही असेच आहे. तेथे स्निग्धांशाचे थेंब असतात. साबण हा सीमेवरचा पहारेकरी, तर प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरक हा सीमा ओलांडून ये-जा करणारा दूत. दोघे एकाच कुळातले वाटले तरी दोघांची कामे भिन्न आहेत.

मुंबई आणि पुणे येथील कार्य

हे सारे परदेशातच घडले असे नाही. आज मुंबईच्या माटुंगा भागात असलेला रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये सुरू केला. २००८ पासून तो अभिमत विद्यापीठाच्या दर्जाची रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखला जातो. पुण्यास १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. या दोन संस्थांनी एकमेकांत न मिसळणाऱ्या पदार्थांमधील विक्रियांचा अभ्यास आपला खास विषय मानला. पुण्याचे ल. कृ. दोरैस्वामी आणि मुंबईचे मनमोहन शर्मा या दोघांनी मिळून लिहिलेला या विषयावरील दोन खंडांचा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. रसायन अभियंते जगभर त्याचा आधार घेतात. शर्मा १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. दोरैस्वामी पुढे अमेरिकेत अध्यापन करू लागले. संजीव नाईक यांच्यासह त्यांनी १९९८ मध्ये प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरणाचा जो विस्तृत आढावा लिहिला, त्यात रसायनशास्त्राबरोबर कारखानदारीच्या अंगाचाही विचार होता.

कारखानदारीच्या अंगाने पाहिल्यास मुख्य प्रश्न असा, की काम संपल्यावर या दूताचे काय करावयाचे? तो दोन्ही घरांत वावरणारा. त्यामुळे विक्रियेअंती थोडा तेलात राहतो, थोडा पाण्यात. तेलात राहिला तर माल अशुद्ध, पाण्यात राहिला तर सांडपाण्यात गेला. माटुंग्याच्या संस्थेत गणपती दादासाहेब यादव यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यातून आलेले हे शास्त्रज्ञ पुढे त्या संस्थेचे कुलगुरू झाले आणि २०१६ मध्ये पद्मश्री किताबाने सन्मानित झाले. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या मार्गांचा अभ्यास केला त्यांतील एक म्हणजे तीन द्रवथरांची पद्धत. जुन्या रीतीने साबण करणारे शिजलेल्या रसात मीठ घालतात आणि साबण वर तरंगून येतो, हे काहींनी पाहिले असेल. तत्त्व तसेच आहे. लवणांचे प्रमाण योग्य राखले तर उत्प्रेरक पाण्यातही मावत नाही आणि तेलातही मावत नाही. तो दोहोंच्या मध्ये स्वतःचा तिसरा थर करून राहतो. विक्रिया त्या थरात वेगाने होते. काम संपले की तेल आणि पाणी वेगळे काढावयाचे आणि उत्प्रेरकाचा थर पुढील खेपेस पुन्हा वापरावयाचा.

ही केवळ काटकसर आहे, असे मला प्रथम वाटले. प्राध्यापक महाशयांनी माझा गैरसमज दूर केला.

दूत काठावर राहिला तर

जखम धुण्याच्या काही जंतुनाशक द्रावणांत सेट्रिमाइड नावाचा पदार्थ असतो. तो चतुर्थक अमोनियम लवणांपैकीच एक होय. जंतूंचे बाह्य आवरण तेलकट असते. त्यात शिरून ही लवणे ते फोडतात. जखमेवर हा गुण उपकारक आहे. परंतु कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणारे जे हौद असतात त्यांत घाण खाऊन पाणी स्वच्छ करण्याचे काम सूक्ष्मजंतूच करीत असतात. तेथे ही लवणे अधिक प्रमाणात गेली तर ते जंतू मरतात आणि शुद्धीकरणाची व्यवस्थाच कोलमडते. तेच पाणी नदीनाल्यात गेले तर मासळीसही अपाय होतो. म्हणून उत्प्रेरक परत मिळविणे हा जसा हिशेबाचा प्रश्न आहे तसाच तो नदीकाठच्या गावांचाही प्रश्न आहे. सायनाइडाविषयी तर बोलावयासच नको. पद्धत कितीही सुधारली तरी विक्रियेपूर्वी ते जालीम विषच असते. त्याचा उरलेला अंश नष्ट केल्यावाचून पाणी बाहेर सोडणे हा अपराध आहे.

आपण मध्यप्रदेशात बसलो आहोत. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची भोपाळची रात्र या राज्यास विसरता येणार नाही. तेथील कारखाना कीटकनाशकांचाच होता. पाण्याशी कधीही गाठ पडू नये अशा द्रव्याच्या टाकीत पाणी शिरले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. प्रावस्था-स्थानांतरणाची पद्धत भोपाळच्या कारखान्यात नव्हती. तेथील औषधही निराळे होते. पण धडा सर्वांना सारखाच आहे. रसायन सुधारते, यंत्रे सुधारतात. ती चालविणारा आणि त्यांवर देखरेख ठेवणारा माणूस जागा नसेल तर त्या सुधारणेचा उपयोग नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा नव्याने अस्तित्वात आला आहे. सौंसरजवळ बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे. पलीकडे नागपूरजवळ बुटीबोरी आहे. या गावांतील तरुण तेथे कामास जाऊ शकतात, काही जातही असतील. पिंपात काय आहे, ते कशाशी मिसळू नये आणि सांडपाणी कोठे जाते, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न विचारण्याइतके ज्ञान त्यांना शाळेतच मिळाले पाहिजे.

फवारणी करणाऱ्याने ध्यानी धरावे

आता हीच तेल-पाण्याची गोष्ट शेताच्या बांधावर आणू या. माणसाच्या कातडीचा वरचा पापुद्रा स्निग्ध असतो. मिठाचे पाणी हातावर पडले तर ते सहसा आत शिरत नाही. तेलात विरघळणारे औषध पडले तर त्याला कातडी आपल्या घरची वाटते. सायपरमेथ्रिन फवारल्यावर हाताची, तोंडाची आग होते, हा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील औषधे तर कातडीवाटे शिरून थेट मज्जासंस्थेवर आघात करतात. पुष्कळदा या दोन्ही वर्गांचे मिश्रणच बाजारात मिळते.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, काय घडले ते आपणास माहीत आहे. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, अंगात साधा सदरा आणि हातात फवारणीचा पंप. वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती माणसे अडाणी होती म्हणून मेली, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या हाती औषध पोहोचले. औषधाविषयीचे ज्ञान पोहोचले नाही. ते पोहोचविण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांत माझ्यासारखे प्रसिद्धी खात्यातील लोकही येतात, याची मला जाणीव आहे.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगतो. तेलकट विष नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतोच. अंगावर औषध सांडले तर काम तसेच पुढे रेटू नये. कपडे तत्काळ उतरवावेत, साबण व भरपूर पाणी यांनी अंग धुवावे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. आपल्या मनाने दोन औषधे एकत्र करू नयेत. बाटलीवरील त्रिकोणाचा रंग पाहावा : तांबडा सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे, घाम सुटणे यांपैकी काहीही जाणवले तर रोग्यास त्वरित दवाखान्यात न्यावे आणि बाटली बरोबर न्यावी. डॉक्टरांना ती बाटली अर्धे निदान सांगते.

आणखी एक. स्वस्त झाले म्हणून अधिक वापरावे, हा न्याय औषधास लावू नये. सायपरमेथ्रिनच्या वर्गातील औषधे कपाशीवर पुनःपुन्हा मारली गेली तेव्हा १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशात बोंडअळी त्यांना जुमानेनाशी झाली. पिके गेली आणि शेतकरी कर्जबाजारी झाले. शिवाय ही औषधे मधमाश्यांना व माशांना घातक असतात. संत्र्याच्या बागा फुलोऱ्यावर असताना मधमाशी आपली मदतनीस असते, हे बागाइतदारांस मी सांगावयास नको.

शिक्षकबंधूंस

गुरुजनांना माझी एक सूचना आहे. हा विषय शिकविण्यास प्रयोगशाळा नको. काचेच्या बाटलीत पाणी घ्यावे, त्यात थोडी शाई टाकावी, वर गोडे तेल ओतावे. बाटली हलवून स्थिर ठेवावी; मुलांना दोन थर दिसतील आणि शाई पाण्यातच राहिलेली दिसेल. मग साबणाचे पाणी घालून पुन्हा हलवावे. मिश्रण दुधट होईल. येथे पहारेकऱ्याचा धडा संपला.

दूताचा धडा अंगणात घ्यावा. मध्ये रेघ ओढावी. अलीकडे वीस मुले, प्रत्येकाच्या हाती एक चिंचोका. पलीकडे वीस मुले, प्रत्येकाच्या हाती एक खडा. रेघ कोणीही ओलांडावयाची नाही; फक्त एका मुलाने ओलांडावयाची. त्याने जाताना चिंचोका न्यावा, पलीकडच्या मुलाला देऊन त्याचा खडा घ्यावा आणि परत यावे. थोड्याच वेळात चाळीस मुलांची देवघेव पुरी होईल. शेवटी विचारावे, या मुलाजवळ काय उरले? काही नाही. तो होता तसाच आहे. उत्प्रेरक म्हणजे काय, हे ती मुले जन्मभर विसरणार नाहीत. आणि त्या मुलाला रेघेवरून परत बोलाविण्यास विसरू नये. उत्प्रेरक परत घेणे हाही धड्याचा भाग आहे.

बंधुभगिनींनो, मला जो प्रश्न विचारला गेला त्याचे उत्तर देण्यास मला उशीर झाला. ते गृहस्थ या सभेत आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. असतील तर त्यांनी माझे हे उत्तर पदरात घ्यावे आणि कमी पडले असेल तर पुन्हा विचारावे. प्रयोगशाळेत असे काही घडते की ज्याने साऱ्या जगाची शेती बदलते, आणि शेतात असे काही घडते की ज्याची प्रयोगशाळेस वार्ताही नसते. या दोन काठांमध्ये ये-जा करणारे कोणीतरी पाहिजे. शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहायक, आरोग्य कर्मचारी आणि आम्ही प्रसिद्धी खात्याचे लोक यांचे काम हेच आहे. जाताना आपण ज्ञानाची मुद्रिका न्यावी. परंतु रिकाम्या हाताने परतू नये. गावाचा प्रश्न, गावाची तक्रार, गावाचा अनुभव घेऊन परतावे आणि तो योग्य ठिकाणी पोहोचता करावा. एवढे झाले तरी या गावच्या दैवताची आपण काही सेवा केली, असे मी समजेन.

 आता प्रश्न विचारावेत. साबणाची एक वडी, तेल आणि बाटली मी बरोबर आणली आहे.